ओळखीची खूण

(धुळे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि फौजेत तर एक दिवसही नव्हतो. शाळामास्तर होतो. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देण्याची सवय लागली. सातबारा, वारसनोंद, पेन्शन. त्यातले बरेच अर्ज माजी सैनिकांचे असत. आज बोलणार आहे ते त्या अर्जांच्या ओघात शिकलो ते.

तापीकाठच्या एका गावचे आजोबा माझ्याकडे आले. गावाचं नाव सांगत नाही आणि त्यांचंही नाही. १९६६ साली भरती झाले, पायदळात दहा वर्षं काढली. वडील गेले, केळीची बाग बघायला कोणी उरलं नाही, म्हणून १९७६ मध्ये स्वतःच्या अर्जावर घरी आले. पेन्शन नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिम सीमेवर होते. एका रात्री तोफगोळा जवळ फुटला आणि त्याचा तुकडा डाव्या मांडीत शिरला. कंपनीच्या नर्सिंग असिस्टंटने पट्टी बांधली. मागे जायला सांगितलं होतं, हे गेले नाहीत, कारण त्यांच्या सेक्शनमध्ये माणसंच उरली नव्हती. आठवड्याभरात युद्धविराम झाला. जखम भरली, तुकडा आतच राहिला.

पुढे तीसेक वर्षांनी गावातल्या शाळेने १५ ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार केला. त्या दिवशी शेजारच्या गावचा, काश्मिरात गोळी लागलेला एक तरुण जवान छातीवर पदक लावून आला होता. आजोबांनी विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, जखमेचं. जखमेचं पदक असतं, हे आजोबांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मी अर्ज लिहिला. काही महिन्यांनी एका कार्यालयाचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती. आपल्या सेवेची कागदपत्रं जतनाची मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आली आहेत, आपल्याकडे जखमेचा पुरावा असल्यास सादर करावा. मी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी धोतर बाजूला सारलं आणि मांडीवर हात ठेवला. म्हणाले, "मास्तर, आजून मना पायमा शे ना. त्याले इचारा."

मग आम्ही त्यांची ट्रंक उघडली. काळी लोखंडी, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात अशी असेल. तळाशी डिस्चार्ज बुक होतं. त्यात सेवेचा काळ, वर्तणूक, मिळालेली पदकं असं सगळं. जखमेच्या रकान्यात रेघ. आणि शेवटच्या पानावर, 'ओळखीच्या खुणा' या सदरात, स्वच्छ अक्षरात नोंद होती : डाव्या मांडीवर जखमेचा व्रण.

म्हणजे व्रण दिसला होता. हा माणूस तोच आहे हे पटवायला तो फौजेच्या उपयोगीही पडला होता. तो आला कुठून, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

आज मला बोलायचं आहे ते या दोन सदरांमधल्या अंतराविषयी.

आधी पदकाची गोष्ट. आपल्याकडे युद्धात गेलेल्याला मिळणारी पदकं वेगळी आणि जखमीला मिळणारं वेगळं. १९६५ च्या युद्धासाठी रक्षा पदक, १९७१ साठी संग्राम पदक. ही पदकं सेवेची आहेत, तुम्ही त्या काळात वर्दीत होता याची. आजोबांकडे संग्राम पदक होतं. जखमेचं पदक वेगळं. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला ते मिळतं, मग युद्ध असो वा बंडखोरीविरुद्धची मोहीम. भूदल, नौदल, वायुदल, प्रादेशिक सेना, पोलीस, होमगार्ड यांनाही ते देता येतं. शत्रूने पाडलेल्या विमानातून उडी मारताना जखमी झालेला वैमानिकही त्यात येतो. सरकारी नाव आहे 'पराक्रम पदक'.

या नावाशी माझं भांडण आहे. पराक्रम म्हटलं की काही तरी करून दाखवलं असा अर्थ येतो. जखमी माणसाने काही करून दाखवलेलं असेलच असं नाही. तो तिथे होता, एवढंच. गोळा फुटला तेव्हा तो पाणी भरत असेल, खंदकात झोपला असेल. शौर्यपदकाला साक्षीदार लागतो, कोणीतरी अधिकारी पाहणारा, लिहून पाठवणारा. जखमेच्या पदकाला खरं तर डॉक्टर पुरे. इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांचा हात जखमी झाला, बंदूक चालवता येईना, तर त्यांनी हातबॉम्ब वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कारवारकडचे रामा राघोबा राणे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर उखळी तोफेच्या माऱ्यात मांडीला जखम होऊनही सुरुंग काढत राहिले, परमवीर चक्र. या दोघांच्या जखमा पराक्रमाच्या कहाणीचा भाग झाल्या, म्हणून लक्षात राहिल्या. ज्याच्या जखमेला कहाणीच नाही, त्याच्यासाठी हे दुसरं पदक आहे. आणि त्याच्याच नावात आपण पराक्रम घातला.

आपल्या जुन्या लोकांचा हिशेब याहून सरळ होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमी लोकांना काय दिलं, ते त्यात आहे. पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन, ज्याची जशी जखम तसं. तिथे जखम बघितली जात होती. पुढे पेशव्यांच्या दप्तरात लढाईत कामी आलेल्यांच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी, म्हणजे निर्वाहाची नेमणूक, सापडते. म्हणजे दप्तर होतं, कारकून होते, कागदही होता. फक्त कागद जखमेमागून येत होता, पुढून नाही.

हे मी धुळ्यात सांगतोय याला अर्थ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदांचे रुमाल शोधत गावोगाव पायपीट करत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला याच शहरात गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ लगेच पुढच्या वर्षी इथे उभं राहिलं. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेला कागद इतिहास असू शकतो, हे ज्या माणसाने महाराष्ट्राला शिकवलं त्याच्या मुलखातल्या एखाद्या जवानाचा कागद मुदत संपली म्हणून फाडला गेला, याचं दुःख जरा जास्त व्हायला हवं.

आणि खान्देशाला फौज नवी नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या भिल्लांची पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. ज्यांना आवरायचं त्यांनाच वर्दी द्यायची, असा तो डाव. पुढे १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली तेव्हा कंपनीच्या बाजूलाही भिल्ल होते आणि विरुद्ध बाजूलाही. एका बाजूच्या जखमींची निदान कुठेतरी यादी झाली असेल. दुसऱ्या बाजूच्या जखमी भिल्लांनी रानातला पाला बांधला असेल आणि ते डोंगरात निघून गेले असतील.

आता याच गोष्टीचं दगडी रूप पाहा. सातारा भागात फिरलात तर कित्येक गावांत चावडीवर किंवा वेशीत संगमरवरी पाटी दिसेल. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, त्यातले इतके मेले. आकडा गेलेल्यांचा आणि आकडा मेलेल्यांचा. मधला आकडा नाही. जे गेले आणि परत आले, पण ज्यांचा एक हात तिकडे कुठेतरी राहिला, त्यांची बेरीज त्या दगडाने 'परत आले' या खात्यात करून टाकली. मेलेल्याचा मान देणं सोपं असतं हो, तो काही मागायला येत नाही.

त्याच महायुद्धात इंग्रजांनी एक करामत केली. तोफांच्या माऱ्याने जवानांच्या मनावर होणाऱ्या परिणामाला 'शेल शॉक' म्हणायला लागले होते. अंग थरथरतंय, वाचा गेलीय, झोप नाही. आता हे जखमी की आजारी? मग फौजेने दोन अक्षरं ठरवली. शत्रूच्या गोळ्याचा थेट परिणाम असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी; नाहीतर 'एस', म्हणजे आजारी. डब्ल्यू मिळाला तर बाहीवर जखमेची सोनेरी पट्टी लावता येई, पेन्शनला आधार मिळे. एस मिळाला तर माणूस नुसता दुबळा ठरे. थरथर दोघांचीही तीच. फरक तपासणाऱ्याच्या पेन्सिलीत होता.

शंभर वर्षांनी अमेरिकेत तेच. तिथे 'पर्पल हार्ट' हे जखमेचं पदक १९३२ पासून आहे, मूळ बिल्ला जॉर्ज वॉशिंग्टनचा, १७८२ चा, पण तो गुणवत्तेचा. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या अल असद तळावर इराणी क्षेपणास्त्रं पडली. पहिल्यांदा जाहीर झालं की कोणाला काही झालं नाही. मग शंभराहून अधिक जणांच्या मेंदूला मार बसल्याचं निदान झालं. पदकं मिळाली २९ जणांना. आणखी ३९ जणांना ती मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. बाहेरून रक्त न दिसणारी जखम कोणालाच पटकन दिसत नाही, हे त्या श्रीमंत देशातही खरं.

आता आपल्या फौजेत जखम कागदावर कशी चढते ते पाहू. जवान जखमी झाला की पलटणीचा डॉक्टर बघतो, मग फील्ड अॅम्ब्युलन्स, मग मागचं हॉस्पिटल. प्रत्येक पायरीवर नोंद होते. पलटण कळवते की हा बॅटल कॅज्युअल्टी आहे. मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, चढते. तोफखान्याचं रेकॉर्ड आपल्याजवळ नाशिक रोड कॅम्पला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. ही साखळी चांगली आहे, बहुतेक वेळा चालतेही. पण तिची पहिली कडी म्हणजे जवानाने मागे जाणं. तो मागे गेला नाही, पट्टी बांधून मोर्चावर राहिला, तर साखळी सुरूच होत नाही. म्हणजे ज्याने शिस्तीपेक्षा एक पाऊल जास्त टाकलं, त्याचीच नोंद राहत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. लाखो माणसांचे कागद कायम ठेवता येत नाहीत हे मला कळतं. पण १९७६ ला घरी आलेल्या माणसाचा शीट रोल २००१ नंतर राहणार नाही, हे त्याला कोणी कळवलं नाही. शेताच्या मोजणीची नोटीस येते, तशी एक ओळ. तुमचे कागद आम्ही फाडतोय, काही हवं असेल तर मागून घ्या. एवढंच.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण आजोबांना पैसे नको होते. पण अनेकांसाठी पैशाचाच प्रश्न असतो. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर डिसेबिलिटी पेन्शन, शत्रूच्या कारवाईत आलं तर वॉर इंज्युरी पेन्शन. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने यासाठी ए ते ई अशा पाच श्रेणी केल्या. आजच्या नियमांत शंभर टक्के अपंगत्वाला पहिल्या प्रकारात पगाराच्या तीस टक्के मिळतात, आणि लढाईत जखमी होऊन घरी पाठवलेल्याला पगाराएवढी रक्कम. आता कळेल की एका अक्षरावर लोक वीस-वीस वर्षं कोर्टात का भांडतात. २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठी गोष्ट सांगितली : भरतीच्या वेळी माणूस धडधाकट म्हणून घेतला असेल, तर नंतरचं दुखणं नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर, आणि शंकेचा फायदा जवानाला. २०१४ मध्ये राम अवतार खटल्याने अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ अधिक जणांना मिळवून दिला. हे निकाल पेन्शनचे आहेत. पदकाच्या बाबतीत मात्र अजून भार अर्ज करणाऱ्याच्याच खांद्यावर आहे. पैसे देताना शंकेचा फायदा जवानाला, आणि चिमूटभर धातू देताना सरकारला. हे मला उलटं वाटतं.

आता अशा एका जखमी जवानाकडे या, ज्याचं नाव तुम्हाला सिनेमामुळे माहीत आहे : मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' २०२४ मध्ये आला. सिनेमा सिनेमासारखा आहे, पण माणूस खरा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा, ईएमई कोअरमधला क्राफ्ट्समन, मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या. कमरेखालचं शरीर निकामी झालं. एक गोळी मणक्यात राहून गेली. पुढची वर्षं हॉस्पिटलात गेली. तिथे पोहणं हा उपचार होता. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं, जागतिक विक्रम केला. वैयक्तिक ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक सुवर्ण मिळवणारा पहिला भारतीय. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी.

१९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली. नाकारली गेली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि अर्जुन, तोही जीवनगौरव म्हणून, १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. अर्ज आणि पुरस्कार यांच्यात चार दशकांहून जास्त काळ गेला. वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते राष्ट्रपती भवनात गेले.

तुम्ही म्हणाल, अर्जुन हे खेळाचं पदक, जखमेचं नाही. बरोबर. पण मला त्यातलं साम्य दिसतं ते असं. पेटकरांच्या विक्रमाचे आकडे जगाच्या दप्तरात होते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पुरावा नाही असं कोणी म्हणूच शकत नव्हतं. तरीही चाळीस वर्षं. म्हणजे अडचण नेहमी पुराव्याचीच असते असं नाही. पुरावा बघायला कोणी खुर्चीवरून उठत नाही, ही अडचण आहे. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याला चाळीस वर्षं लागली, तर ज्याच्याकडे नुसती मांडी आहे त्याचं काय?

आपल्या राज्यात जखमी सैनिकाची काळजी घेतलीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं होईल. खडकीला जखमी जवानांना धंदाशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिची सुरुवात १९१७ ची. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पाठीचा कणा दुखावलेल्यांसाठीचं पुनर्वसन केंद्र खडकीलाच १९७४ मध्ये निघालं. पाय देणारे हात आपल्याकडे आहेत. नोंद देणारा हात आखडतो.

एका निवृत्त कर्नलसाहेबांशी यावर वाद झाला. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही दार उघडाल आणि बैलगाडीवरून पडलेलेही रांगेत उभे राहतील. गैर नाही त्यांचं. खोटे दावे होतात, अगदी होतात. मी एवढंच म्हणालो, की साहेब, बैलाने लाथ मारली तर हाड मोडतं, मांडीत पोलादाचा तुकडा जात नाही. ते हसले, पण पटलं नाही. असो.

तर आजोबांचा एक्स-रे काढला. जळगावच्या एका डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. मांडीच्या हाडाला लागून बोटाच्या पेराएवढा वेडावाकडा पांढरा तुकडा, इतका स्पष्ट की शेजारी उभ्या असलेल्या कंपाउंडरलाही दिसला. तो फोटो, डॉक्टरांचं पत्र, डिस्चार्ज बुकातल्या त्या पानाची प्रत आणि त्यांच्या कंपनीतल्या एका जिवंत सोबत्याचं प्रतिज्ञापत्र जोडून दुसरा अर्ज गेला. सोबती सिन्नरकडचा होता. त्याला शोधायला सात महिने लागले. सैन्यातल्या मित्रांचे पत्ते कोणी लिहून ठेवत नाही. आयुष्यभर बरोबर राहणार आहोत असं त्या वयात वाटतं.

त्या अर्जाला उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी आजोबा गेले. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हा पैशाचा विषय निघाला, मुलगा म्हणाला काही मदत मिळते का बघा. आजोबा चिडले. "माले पैसा नही पाहिजे. माले बिल्ला पाहिजे." एवढं बोलून कूस बदलली. डाव्या कुशीवर झोपता येत नसे, म्हणून उजवीकडे.

या सभागृहात किमान पाच-दहा घरं तरी अशी असतील, की ज्यांचे आजोबा, मामा, काका फौजेत होते. आज घरी गेलात की ती ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक काढा आणि पहिलं पान नाही, ओळखीच्या खुणांचं पान वाचा. तिथे व्रण लिहिला असेल तर तो कुठून आला ते आजोबांना विचारा, आणि ते सांगतील ते तारखेसह, पलटणीसह, कंपनीच्या सोबत्यांच्या नावांसह लिहून घ्या. अंगात तुकडा असेल तर एक्स-रे काढा. प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा, एक गावात, एक शहरात. हे सगळं ते हयात असताना करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही, तिथून अर्ज पुढे जातो. आणि अर्जाचं शुद्धलेखन हवं असेल तर मी आहे. सोमवार आणि गुरुवार सकाळी घरीच असतो. पैसे घेत नाही. ट्रंक आणायची गरज नाही, कागद तेवढे आणा. आणि जमलं तर आजोबांनाही घेऊन या.